राखणारा गडी



गेल्या हिवाळ्यात आपल्या पटांगणावर सायंकाळी खो-खोचा सराव चालला असता एक पालक कडेच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले. त्यांची कन्या त्या वेळी पळत होती. दोन मिनिटे होऊन गेली तरी ती कोणाच्या हाती लागेना. डाव संपल्यावर फळ्यावर गुण मांडले गेले, त्यांत तिच्या नावापुढे काहीच नव्हते. ते गृहस्थ मजजवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगी एवढी पळाली, आन् मिळालं काय? भोपळाच की!" मग थोडे थांबून त्यांनी हळूच दुसरा प्रश्न विचारला, "आन् पुढं तरी काय मिळणार हिला?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. पहिला खेळाच्या नियमांविषयी होता, दुसरा आयुष्याविषयी. त्या दिवशी मजकडून जे उत्तर दिले गेले ते तुटक होते. तेच आज नीट सांगावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. खेळात राखणाऱ्या गड्याचे काम काय, त्याची कारकीर्द किती दिवसांची, आणि पाय थकल्यावर तो प्रशिक्षक कसा होतो, हे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणाने पाहू.

प्रथम खेळाची मांडणी ध्यानात घेऊ. खो-खोचे मैदान सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. त्याच्या दोन टोकांस सव्वा मीटरच्या आसपास उंचीचे दोन खांब रोविलेले असतात. दोन्ही खांबांस जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर आठ चौरस आखलेले असून त्यांत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी बसतात. एकाचे तोंड पूर्वेस तर त्याच्या शेजाऱ्याचे पश्चिमेस, असा क्रम असतो. नववा गडी पाठलागास उभा राहतो. दुसऱ्या पक्षाचे गडी तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची असते, आणि प्रत्येक पक्षास दोन वेळा पाठलाग व दोन वेळा बचाव करावा लागतो.

पाठलाग करणाऱ्यावर बंधने पुष्कळ आहेत. मधली पट्टी त्याला ओलांडता येत नाही. एकदा ज्या खांबाच्या दिशेने तो वळला ती दिशा त्याला वाटेत बदलता येत नाही. पलीकडे जावयाचे असेल तर बसलेल्या गड्यास पाठीमागून 'खो' देऊन त्याच्या जागी आपण बसावे लागते, व उठलेला गडी ज्या बाजूस तोंड करून बसला होता त्याच बाजूस धावतो. पळणाऱ्यास मात्र अशी बंधने नाहीत. तो कोठूनही कोठे जाऊ शकतो, बसलेल्या दोघांच्या मधून पार होऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याचा हात लागला किंवा दोन्ही पाय सीमेबाहेर गेले की तो बाद होतो, आणि गुण मिळतो तो त्याला बाद करणाऱ्या पक्षास.

म्हणजे जुन्या रीतीच्या सामन्यात पळणाऱ्याच्या नावावर गुण चढत नाही. त्याने जे मिळविले ते फळ्यावर दिसत नाही, कारण प्रतिपक्षाला जे गुण मिळाले नाहीत ते कोणी लिहीत नसते. परंतु साधा हिशेब करून पाहा. ९ मिनिटांचे सेकंद ५४०. समजा, प्रत्येक गडी सरासरी ३० सेकंदांत बाद होऊ लागला, तर त्या पाळीत १८ गडी बाद होतील. (नऊही बाद झाले की पहिली तुकडी पुन्हा मैदानात उतरते.) आता त्यांतील एकच मुलगी १२० सेकंद टिकली असे माना. उरले ४२० सेकंद, व त्यांत बाद झाले १४ गडी. त्यांत ती एक मिळवा, म्हणजे १५ झाले. तिच्या दोन मिनिटांनी प्रतिपक्षाचे तीन गुण खाल्ले. खो-खोचे कित्येक सामने एका-दोन गुणांनी जिंकले वा हरले जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भोपळ्याची किंमत कळते.

अलीकडे ही किंमत नियमांनीही मान्य केली आहे. २०२२ साली पुण्यास 'अल्टिमेट खो-खो' नावाची व्यावसायिक स्पर्धा प्रथम भरली. तिच्यात, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेतही, बचावाची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकली तर तिलाही गुण देण्याची पद्धत ठेविली होती. त्यास 'ड्रीम रन' असे नाव आहे.

टिकून राहणे ही केवळ वेगाची गोष्ट नव्हे. नवशिक्या मुलास वाटते की जोराने पळाले की झाले, आणि तो अर्ध्या मिनिटात धापा टाकू लागतो. जाणता गडी पहिली काही पावले पाहण्यात घालवितो. कोणत्या चौरसातील गडी कोणीकडे तोंड करून बसला आहे, पाठलाग करणारा कोणत्या खांबाकडे वळला आहे, त्याने खो कोणास दिला तर तो कोणत्या अंगास उठेल, हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे असावे लागते. मग तो बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी वाटेने साखळी धरतो. जवळ आलेल्यास खांद्याची हूल देऊन चकवितो. खांबाजवळ मात्र फार सावध राहतो, कारण तेथे पाठलाग करणारा खांबाचा आधार घेऊन लांब सूर मारतो. उरलेला दम किती, घड्याळात वेळ किती, आणि आपल्या तुकडीतील सोबती कोठे आहेत, याचाही अंदाज त्याला ठेवावा लागतो. पाठलाग करणाऱ्यास एका वेळी एकच माणूस दिसला तरी चालते, राखणाऱ्यास नऊजण दिसावे लागतात.

हे केवळ खो-खोपुरते नाही. थंड देशांत गोठलेल्या पाण्यावर वा कृत्रिम बर्फावर पायांस पोलादी पात्यांचे जोडे बांधून हॉकी खेळतात. आपल्या देशात लडाखमध्ये हा खेळ रुजला आहे, आणि २०२५ साली भारतीय महिलांनी आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या खेळात एका पक्षाचे सहाजण बर्फावर असतात. एक गोल राखणारा, तीन चढाई करणारे, आणि दोन रक्षक. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रांत येते. रक्षक मात्र आज या गावच्या संघाकडून, दोन वर्षांनी त्या गावच्या संघाकडून, असा फिरत्या कारागिरासारखा खेळत राहतो, आणि पाय जड झाले की त्यांतील पुष्कळजण मुलांस शिकविण्याच्या कामास लागतात. याचे कारण उघड आहे. ज्याचा सारा जन्म सबंध खेळ डोळ्यांपुढे ठेवण्यात गेला, त्याला दुसऱ्याची चूक लवकर दिसते. खो-खोतील राखणाऱ्याचेही तसेच आहे.

आता त्या पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पुढे काय?

खो-खो हा आपल्याच मातीतला खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले, आणि १९२४ साली बडोद्यास नियम प्रसिद्ध झाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास सुरू झाल्या. इतका जुना व सर्वत्र खेळला जाणारा हा खेळ, परंतु त्यात पैसा व कीर्ती दीर्घकाळ थोडीच होती. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार खो-खोस प्रथम १९७० साली सुधीर परब यांच्या रूपाने मिळाला. पुढे १९९८ साली शोभा नारायण यांना तो मिळाल्यावर बावीस वर्षे या खेळातील एकाही खेळाडूच्या वाट्यास आला नाही. २०२० साली तो मिळाला तो आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सारिका काळे यांना.

त्यांची हकिकत प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांच्या मामांनी, जे स्वतः खो-खो खेळत, त्यांस मैदानावर नेले. घरची स्थिती बिकट होती. वडिलांस शारीरिक अडचणीमुळे फारसे कमविता येत नव्हते, आई शिवणकाम व घरकामे करीत असे, आणि सारे कुटुंब आजी-आजोबांच्या कमाईवर चाले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी वृत्तपत्रांस मोकळेपणाने सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकाच वेळच्या जेवणावर काढली. सराव शिबिर असले किंवा स्पर्धेस गेले म्हणजे मात्र पोटभर व चांगले अन्न मिळे. ज्या खेळास इतका दम लागतो तो खेळ एका जेवणावर खेळणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्यापैकी कित्येक घरांस करून देण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व सारिका काळे यांजकडे होते. परंतु त्याच २०१६ सालात घरची आर्थिक अडचण इतकी वाढली की त्यांनी खेळच सोडून द्यावयाचा निर्धार केला. त्यांनी स्वतःस खोलीत कोंडून घेतले. ही गोष्ट त्यांच्या आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानी घातली. जाधव यांनी त्यांची समजूत घातली, आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. तीच घटना त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली, असे जाधव यांनी पुढे सांगितले. नंतर सारिका काळे यांना सरकारी नोकरी मिळाली व त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहू लागल्या. २९ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडच्या साथीमुळे दूरदृश्य पद्धतीने झालेल्या सोहळ्यात, अर्जुन पुरस्काराचे वितरण झाले. पुढे २०२५ च्या जानेवारीत ज्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला, त्यातही धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. एका घरातील मुलगी मैदानावर टिकून राहिली की तिच्यामागून येणाऱ्यांस वाट सापडते, ती अशी.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, लाखांत एकीची गोष्ट सांगून आमच्या मुलींस भुलवू नका." ही शंका योग्य आहे, आणि तिला उत्तर न देता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बावीस वर्षांत एक पुरस्कार, यावरूनच दिसते की पुरस्कार हे खेळण्याचे कारण होऊ शकत नाही. बहुतेक गड्यांची वाट निराळी असते. आधी शाळेचा संघ, मग तालुका व जिल्हा, काहींस विद्यापीठ, थोड्यांस राज्य. त्यांतील मोजक्यांस रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरण यांसारख्या संस्थांच्या संघांत जागा मिळते. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेविल्या आहेत हे खरे, परंतु त्या ठरावीक स्पर्धांत ठरावीक क्रमांक मिळविणाऱ्यांस, आणि तेही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर. शिवाय गुडघा मुरगळणे, घोट्याची शीर दुखावणे हे या खेळात नवे नाही. एक वाईट उडी दोन वर्षांची मेहनत फुकट घालवू शकते. म्हणून अभ्यास सोडून खेळा, असे मी कोणास सांगणार नाही. पुस्तक व पटांगण ही दोन्ही हातांत असावीत.

परंतु पुरस्कार न मिळालेला गडी रिकाम्या हाताने घरी जातो, हेही खरे नाही. त्याच्यापुढे एक दीर्घ व सन्मानाचा व्यवसाय उघडा असतो, तो शिकविण्याचा. त्याकरिता शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचे रीतसर शिक्षण दिले जाते. शाळांतील क्रीडाशिक्षक, तालुक्याचे क्रीडा अधिकारी, पंच व मंडळांचे मार्गदर्शक यांतील पुष्कळजण एके काळी असेच कोठे ना कोठे पळत होते. खेळण्याची वर्षे दहा-पंधरा. शिकविण्याची वर्षे त्याच्या दुप्पट-तिप्पट.

या व्यवसायात करावयाचे काय असते? पहाटे मुले येण्यापूर्वी मैदानावर पाणी मारून ते दाबून घेणे, खडे वेचणे. मुलास पळावयास शिकविण्याआधी न दुखावता पडावयास शिकविणे. तिघांची तुकडी जुळविताना दोघी चपळ व एक थंड डोक्याची अशी निवड करणे, म्हणजे दोघी दमल्या तरी तिसरी घड्याळ सांभाळते. सामना हरल्यावर कोणास बोलावयाचे व कोणास त्या दिवशी मुळीच बोलावयाचे नाही, हे ओळखणे. परगावच्या स्पर्धेस जाताना एस.टी.चे भाडे, मुक्कामाची जागा व पोरींची ताटे यांची काळजी वाहणे. आणि ज्या दिवशी एखादी मुलगी मैदानावर येत नाही, त्या दिवशी तिच्या घरी जाणे.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड व सर्वांत मोलाचे आहे. आपल्या भागात पाऊस हुलकावणी देतो, तेव्हा घरात पहिली काटछाट मुलीच्या ताटात, मुलीच्या शाळेत व मुलीच्या खेळात होते. नववी-दहावीतील चांगली पळणारी मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर परत येत नाही. चौकशी करावी तर कळते की आई-बापांबरोबर ऊसतोडीस गेली, किंवा अठरा पुरी होण्याआधीच तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. फळ्यावर या गोष्टीची नोंद होत नाही. प्रशिक्षकास मात्र ती दिसते, कारण त्याच्या तुकडीत एक जागा रिकामी असते. अशा वेळी त्याने मैदानावर जे केले तेच पुन्हा करावयाचे असते. वेळ राखावयाचा. आज नको, वार्षिक परीक्षा होऊ द्या. एवढी जिल्हा स्पर्धा होऊ द्या. बारावी होऊ द्या. एका-एका मुदतीने तो त्या मुलीस पुढे नेत राहतो. सारिका काळे यांच्या आजीने ज्या विश्वासाने प्रशिक्षकास निरोप धाडला, तो विश्वास एका दिवसात जमलेला नसतो. वर्षानुवर्षे पहाटे पटांगणावर हजर राहून तो मिळवावा लागतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पळताना नावापुढे गुण पडत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही राखलेला प्रत्येक सेकंद तुमच्या सोबत्यांच्या कामी येतो. बाद झाल्यावर तोंड फिरवून बसू नका. कडेला बसून पुढच्या तुकडीचा खेळ पाहा व चूक कोठे झाली ते वहीत टिपून ठेवा. तुमच्यातील कोणी पुढे शिकविणारा होणार असेल, तर त्याचे शिक्षण त्या वहीपासूनच सुरू होते.

पालकांस एकच विनंती आहे. मुलीचे नाव संघातून काढावयाचे मनात आले, तर तसे करण्यापूर्वी एकदा सायंकाळी पटांगणावर या व तिला पळताना पाहा. मग आमच्याशी बोला. अडचण जेवणाची असेल, येण्या-जाण्याची असेल, अंधाराची असेल, तर बोलल्यावाचून ती आम्हांस कळावी कशी?

ज्या पालकांचे प्रश्न आरंभी सांगितले, त्यांना मी त्या सायंकाळी लिंबाखालीच जमिनीवर काडीने ५४० सेकंदांचा हिशेब मांडून दाखविला. त्यांनी तो दोन वेळा करून पाहिला. पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुरते पटले असे मला वाटत नाही, आणि पटले नाही म्हणून मी त्यांस दोषही देत नाही. जाताना ते एवढेच म्हणाले, "दिवेलागणीच्या आत घरी धाडत जा म्हणजे झालं." तेव्हापासून आमचा सराव अर्धा तास आधी सुरू होतो. मुलगी रोज येते.